आकड्याखालचा आकडा

बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळात कोणी नवीन भेटलं की आधी माझ्या नवऱ्याला विचारायचं, "कुठल्या हॉस्पिटलला तुम्ही?" श्रीधर रेडिओलॉजिस्ट, त्यामुळे त्याचं उत्तर ऐकून सगळ्यांचं समाधान व्हायचं. मग केवळ सभ्यपणा म्हणून माझ्याकडे वळायचे. मी सांगायची, "मी पैशांचे फोटो काढते." समोरचा हसायचा, मी हसत नाही हे पाहून थांबायचा, आणि पुढची पाच मिनिटं मला आपल्या आजोबांकडच्या राणी छाप रुपयाबद्दल सांगायचा. प्रत्येकाच्या आजोबांकडे एक असतोच.

मी जुन्या नाण्यांचे लिलाव करणाऱ्या एका लहानशा कंपनीत फोटोग्राफर होते. जुन्या सोनारांच्या वस्तीत, वरच्या मजल्यावर तीन खोल्या. पुण्यात मी एका स्टुडिओत मुंजी-लग्नांचे फोटो काढले होते, त्या जोरावर नोकरी मिळाली. वाटलं होतं, नाणं काय, हलत नाही, डोळे मिटत नाही, आयतं गिऱ्हाईक. पहिल्याच आठवड्यात कळलं की नाण्यासारखं लबाड मॉडेल दुसरं नाही. दिवा जरा इकडचा तिकडे झाला की राणीचं वय दहा वर्षांनी वाढतं. दिवा खालच्या बाजूनं लावला तर उठावाचा चेहरा चक्क खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो.

त्यातही माझ्या वाट्याला मुख्यतः यायची ती 'ओव्हरडेट' नाणी. हे काय प्रकरण आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. नाणं पाडायला पोलादी ठसा लागतो. पूर्वी ठशावर सालाचे शेवटचे आकडे हातानं ठोकत. साल संपलं तरी ठसा धडधाकट असायचा, आणि चांगला ठसा फेकायला कोणाचंही मन होत नाही. मग जुन्या आकड्यावरच नवा आकडा ठोकून मोकळे व्हायचे. आपण लग्नपत्रिकेतल्या चुकलेल्या तारखेवर चिठ्ठी चिकटवतो ना, तसं. पण खालचा आकडा पुरता बुजत नाही. इंग्रजी आठाच्या पोकळीतून साताचं टोक डोकावतं, पाचाच्या पाठीमागून तिनाचं वळण दिसतं. एरवी ज्या पेनीला कुणी विचारत नाही, तिच्यासाठी मग लोक स्कॉटलंडहून ट्रेननं येतात.

आता अडचण अशी, की आकड्याखाली आकडा दिसला म्हणजे तो असतोच असं नाही. ठशाला तडा गेला तरी नाण्यावर रेघ उठते. तोच आकडा दोनदा ठोकला गेला तरी दुहेरी दिसतो. शंभर-दीडशे वर्षं खिशात किल्ल्यांबरोबर खुळखुळलेल्या नाण्यावर ओरखडे तर असतातच, आणि काही महाभाग सुईनं कोरून आपला आपण आकडा तयारही करतात. खरं-खोटं करायला आमच्याकडे एकच युक्ती होती. नाण्याला घड्याळ समजायचं आणि दिवा बारावर ठेवून एक, दोन, तीन असा सगळीकडून फिरवायचा, प्रत्येक ठिकाणी एक फोटो. खरा आकडा हा धातूचाच उंचवटा असतो. दिवा फिरला की त्याची सावली या बाजूची त्या बाजूला जाते, पण आकडा जागचा हलत नाही. खोटा आकडा मात्र एखाद्याच ठिकाणाहून दिसतो आणि दिवा पुढे सरकला की गायब होतो.

सबनीस काकांचंच पाहा. काका कॉव्हेंट्रीच्या मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले, आवाज अजून कारखान्यातलाच. त्यांच्या आजीचा रुपया घेऊन आले. "पाचाच्या पोटात तीन आहे. मी भिंगातून बघितलंय. तुमच्या त्या गोऱ्या साहेबाला दाखवण्याआधी म्हटलं आपल्या माणसाला दाखवावं." मी दिवा फिरवला. दोनवर तीन होता, चारवर नव्हता. त्या जागी काहीतरी तांबूस दिसत होतं. जवळून पाहिलं तर कुंकू. दर लक्ष्मीपूजनाला हळद-कुंकू, दूध, दही, मध. इतक्या दिवाळ्यांचं पंचामृत आकड्याच्या कोपऱ्यात वाळून दगड झालं होतं. मी म्हटलं, "काका, काडीनं हळूच साफ करून बघू का, खाली काय आहे ते?" काकांनी रुपया उचलून घेतला. "नको. आजीनं लावलेलं असेल त्यातलं थोडं. राहू दे." रुमालात गुंडाळून घेऊन गेले. खाली तीन होता की नव्हता, मला आजही ठाऊक नाही.

गोरा साहेब म्हणजे गॉर्डन, आमचा कॅटलॉगर. प्रत्येक नाणं पाहून ते काय आहे हे ठरवायचं आणि कॅटलॉगमध्ये चार ओळी लिहायच्या, हे त्याचं काम. तिथल्या रीतीप्रमाणे मी त्याला गॉर्डनच म्हणायची, पण मनातून अहो-जाहो, म्हणून इथेही तसंच लिहिते. साठीच्या पुढचे, कायम तपकिरी कोट, बोलणं कमी. आमच्या व्यवसायात त्यांनी 'पाचाखाली तीन' लिहिलं की लोक नाणं न बघता बोली लावत. बाकी सगळे मला मॅडी म्हणत. गॉर्डन मात्र 'मा-ध-वी' असं एकेक अक्षर टाकत पूर्ण नाव घ्यायचे.

त्यांनी एक नियम घालून दिला होता. नाणं माझ्याकडे येईल ते कोऱ्या पाकिटात. त्यावर काही लिहायचं नाही, तोंडानंही काही सांगायचं नाही. मी फोटो काढायचे, काय दिसलं ते सांगायचं, मग त्यांनी स्वतःचं मत उघड करायचं. "आधी फोटो, मग नाव," असं ते म्हणत; नाव म्हणजे 'पाचाखाली तीन' असं काहीतरी. "एकदा तुला सांगितलं की इथे तीन आहे, की तुझा हात आपोआप तीन दिसेल तिथेच दिवा नेणार. तू प्रामाणिक असलीस तरी."

मी हे घरी सांगितलं तेव्हा श्रीधर म्हणाला, "अगदी बरोबर बोलला तो. आमच्याकडे रिक्वेस्टवर 'क्वेरी फ्रॅक्चर', म्हणजे फ्रॅक्चरची शंका, असं लिहिलेलं असलं ना, की मला जिथे-तिथे फ्रॅक्चर दिसायला लागतं. मी आधी फिल्म बघतो, मग कागद वाचतो." लग्नाला वीस वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या कामात आणि आपल्या कामात काही साम्य सापडलं, याचंच मला जास्त अप्रूप वाटलं.

तर तो दिवस. शरद ऋतूतल्या मोठ्या लिलावाचा कॅटलॉग दुपारी छापखान्यात जायचा होता. आमची मालकीण फिओना सकाळपासून जिन्यावरून वर-खाली करत होती. मुखपृष्ठाची जागा रिकामी ठेवलेली. नऊच्या सुमारास गॉर्डन स्वतः माझ्या खोलीत आले, हातात व्हिक्टोरिया राणीची एक पेनी, साल अठराशे पासष्ट. पाकीट नव्हतं. त्यांनी ती माझ्या लेन्सखाली ठेवली आणि म्हणाले, "पाचाखाली तीन आहे. मुखपृष्ठावर जाणार. दिवा दहावर ठेव, तिथून छान दिसतो."

इतक्या वर्षांत त्यांनी असं एकदाही केलं नव्हतं. मी म्हटलं, "गॉर्डन, पाकीट?"

"आज वेळ नाही," म्हणाले आणि निघून गेले.

मला राग आला. नियम यांनी करायचा, यांनीच मोडायचा, आणि मी मुकाट्यानं दहावर दिवा न्यायचा. हट्टानं मी दिवा बारावर ठेवला. पाच दिसला, साधा, झिजलेला पाच. एकवर तेच. दोन, तीन, चार, काही नाही. पाचवर वाटलं, काहीतरी आहे, पण ते पाचाच्याच टोकाची सावली निघाली. सहा, सात, आठ, तेच. नऊपर्यंत पोचले तरी तीन नाही. मग दहावर आणला, आणि पाचाच्या पाठीमागे सुरेख, गोलाईदार तीन उभा राहिला. इतका छान, की क्षणभर मलाही खरा वाटला. अकरावर परत गायब.

मी लेन्स बदलली, नाणं पुसलं, पुन्हा पूर्ण फेरी मारली. तेच. पाचाच्या शेजारी एक जुना टोचा होता आणि त्याच्या वर धातूचा बारीक उंचवटा. दहावरून उजेड आला की त्या दोघांच्या सावल्या मिळून तीन व्हायच्या.

आता माझ्याकडे दहावरचा फोटो होता. तो फिओनाला दिला असता तर सगळे खूश झाले असते. कॅटलॉग वेळेवर गेला असता, मुखपृष्ठ देखणं झालं असतं. पण लिलावाच्या आधी नाणी मांडून ठेवतात, तेव्हा जाणकार आपापली भिंगं घेऊन येतात. नाणं हातात धरून खिडकीपाशी जरा फिरवलं की संपलं. मग गॉर्डनचं नाव त्या खोलीत सगळ्यांदेखत धुळीला मिळालं असतं. फिओनाला जाऊन खरं सांगावं तर तेच आज, माझ्या तोंडून झालं असतं. आणि माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. तीन फक्त दहावरून दिसतो, हे यांना आधीच माहीत होतं. नाहीतर दहा म्हणाले कसे? जो माणूस मला प्रामाणिकपणा शिकवत होता, तो मला फसवायला निघाला होता का?

फिओना दारात आली. "मॅडी, झाला का फोटो?"

"जरा वेळ दे."

"वेळच तर नाहीये," ती म्हणाली. ते खरंही होतं.

मी सगळे फोटो छापले आणि गॉर्डनच्या टेबलावर गोल मांडले, वर बारा, खाली सहा, अगदी घड्याळासारखे. त्यांनी बाराचा उचलला. आणि मग त्यांनी ते केलं जे मी वर्षभर पाहत होते आणि त्यांची लकब समजत होते. कावळा खिडकीतून आत बघतो तशी मान वाकडी केली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून फोटोकडे पाहिलं. एकाचा उचलला, तसाच पाहिला. दोनाचा. मध्येच फोटो लांब धरला, जवळ आणला. तेव्हा मला कळलं.

"मधलं दिसत नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

त्यांनी फोटो खाली ठेवला. म्हणाले, "मध्ये धूसर असतं. कडेनं दिसतं. डॉक्टर म्हणतात, आणखी वाढेल."

"मग दहावर दिवा ठेव असं का म्हणालात?"

"कारण तिथून मला तीन दिसला. बाकीकडून दिसला नाही." ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "हल्ली मला बाकीकडून काहीच धड दिसत नाही, माधवी. मला वाटलं, दोष माझ्या डोळ्यांचा. नाण्याचा असेल असं मनातच आलं नाही."

एवढं साधं होतं. फसवणूक नव्हती, काही नव्हतं. नजर जाते आहे हे ज्याला कळलेलं असतं, तो माणूस एकदाच काही स्पष्ट दिसलं तर त्यालाच घट्ट धरून ठेवतो. आणि मी त्या म्हाताऱ्या माणसावर संशय घेऊन बसले होते. मला त्यांचा हात धरावासा वाटला. पण तिथे तसं करत नाहीत, म्हणून मी चहा आणला.

चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "किती फोटोंतून दिसला तुला?"

"एकातून."

"मग तो नाही," गॉर्डन म्हणाले. पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या मजकुरातली 'पाचाखाली तीन' ही ओळ खोडली आणि उठून फिओनाच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. त्यांनी तिला नाण्याचं सांगितलं, मग डोळ्यांचं सांगितलं. फिओना वाईट बाई नव्हती. ओरडली नाही, मुखपृष्ठावर एक सोन्याची गिनी टाकू म्हणाली. पण मग तिनं मालकिणीनं विचारायचा प्रश्न विचारला.

"गॉर्डन, हे किती दिवसांपासून?"

कॅटलॉग वेळेवर छापखान्यात गेला. लिलाव झाला की ते काम सोडणार, असं ठरलं.

पुढचे दिवस मला फार जड गेले. गॉर्डन रोज यायचे, पण नाण्यांना हात लावायचे नाहीत. जुने कॅटलॉग काढून बसायचे, पानं उलटायचे, आणि मान वाकडी करून स्वतःच लिहिलेलं वाचायचे. फिओनाचा प्रश्न त्यांच्या मनातून जात नव्हता हे उघड होतं. हे गेल्या वर्षीचं होतं की त्याआधीचं? जी नाणी त्यांच्या शब्दावर विकली गेली, त्यांत असे किती दहावरचे तीन होते? की मुळात नजर कधी चांगली नव्हतीच, फक्त लोक विश्वास ठेवत गेले? एकदा मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं लोकांनी तपासलं नसेल का?" ते म्हणाले, "लोक माझं नाव वाचून बघायचे. आधी नाव, मग नाणं."

श्रीधरला विचारलं, तर तो म्हणाला, "हा आजार हळू येतो. पण कधी सुरू झाला ते आता कोण सांगणार?" डॉक्टरांचं हे असं असतं. खरं बोलतात आणि उपयोग काही होत नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी केक कापून झाला, भाषण झालं, कार्डावर सगळ्यांनी सह्या केल्या. मी खोलीत परत आले तर टेबलावर एक कोरं पाकीट. गॉर्डन दारात उभे, अंगात ओव्हरकोट, हातात टोपी.

"एक फोटो काढशील? शेवटचा."

"काय आहे?" मी सवयीनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.



पाकिटातून एक पेनी निघाली. व्हिक्टोरिया राणीचीच, अठराशे अठ्ठावन्नची. खूप हाताळलेली, कडा गुळगुळीत. आणि इथेच मी अडले. कारण अठ्ठावन्नच्या पेनीत आठाखाली सात बरेचदा सापडतो, हे आमच्या धंद्यात पोरासोरालाही माहीत असतं. म्हणजे नाव न सांगताही मला नाव माहीत होतं. साध्या आठाच्या पेन्याही तितक्याच असतात. आता मला खरंच सात दिसणार होता, की दिसावा असं वाटत होतं म्हणून दिसणार होता?

मी काळ्या कागदाला बारीक चीर पाडली, शेवटच्या आकड्यापुरती, आणि बाकीचं साल झाकलं. दिवा बारावर. त्यांच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्यांचा श्वास ऐकू येत होता. ही कोणाची पेनी, कुठून आणली, त्यांना काय ऐकायचंय, काही माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की मी आता जे बोलेन ते त्यांच्याबरोबर घरी जाणार. आणि काही नसेल तर काही नाही म्हणावं लागणार. त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नसतं. ते मला शिकवलंच नव्हतं त्यांनी.

एक. दोन. मी घाई केली नाही. तीन, चार. सहावर आठ खड्ड्यात गेल्यासारखा झाला, तसा होतोच. सात, आठ, नऊ. दहावर जरा जास्तच थांबले. अकरा. मग पुन्हा बारा, आणि सगळे फोटो एकदा सुलटे, एकदा उलटे पाहिले.

"आठाच्या वरच्या पोकळीत साताच्या आडव्या रेघेचं टोक आहे," मी म्हटलं. "खालच्या पोकळीत दांड्याचा तुकडा. सावली फिरते, सात हलत नाही."

"कितीतून?"

"सगळ्यांतून."

ते दाराला टेकले. म्हणाले, "माझी पहिली ओव्हरडेट. वडिलांनी साठवलेल्या जुन्या नाण्यांतून काढली होती मी. शाळेत होतो. भिंगही नव्हतं." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "म्हणजे तेव्हा तरी मला दिसत होतं."

"दिसत होतं," मी म्हटलं.

त्यानंतरच्या सगळ्या वर्षांबद्दल त्या पेनीनं काहीच सांगितलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. मी पेनी पाकिटात घातली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बाहेर काढली, अंगठ्यानं आकड्यांवरून एकदा हात फिरवला, आणि पाकीट माझ्यापुढे धरलं.

"आता नाव लिही," गॉर्डन म्हणाले. "मोठ्या अक्षरात."